निगेटिव्ह म्हणजे नक्की काय?

शनिवारी सकाळी विरारहून डहाणू लोकल पकडायची. खिडकी मिळाली तर सही, नाही मिळाली तर दारातला वारा फुकट. चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर. एप्रिल २०१३मध्ये लोकल इथपर्यंत आली आणि महिनाअखेरीला खिसा तपासणाऱ्या आमच्यासारख्यांना बजेटमधला वीकेंड मिळाला. यंदाच्या पावसातला आमचा प्लॅन तर भन्नाट होता. माझ्या फ्लॅटमेटचे मामा तलासरी तालुक्यात राहतात. डहाणूला उतरायचं, एसटीने तलासरी, पुढे शेअर रिक्षा. हिरवीगार शेतं, चुलीवरची तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि दोन दिवस मोबाइल बंद!

मोबाइल बंद झाला, कारण रेंजच नव्हती. झोप मात्र लागली नाही. पलीकडच्या खोलीत मामा रात्रभर खोकत होते.

सकाळी चहा घेताना मी विचारलं, "मामा, डॉक्टरला दाखवलंत का?"

"तीनदा जाऊन आलो पोरी. थुंकी पण तपासली. निगेटिव आली."

"मग?"

"मग काय? निगेटिव म्हणजे काय नाय." आणि पुन्हा खोकल्याची उबळ.

सहा आठवडे झाले होते. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मामा पन्नाशीचे. दोन एकर भात, आठ वर्षांची शुगर, आणि पंधरा दिवसांपूर्वीच गुडघाभर चिखलात उभं राहून केलेली लावणी. फ्लॅटमेटने कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आपल्याकडे पेशंटची फाइल म्हणजे ही पिशवीच! आत एक्स-रे, त्यात उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पांढरा ढग. टीबीच्या तपासणीचा रिपोर्ट निगेटिव्ह. दुसऱ्या एका लॅबचा कल्चर रिपोर्ट: 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे घशात नेहमी असतात तेच जंतू. आणि त्या लॅबच्या फॉर्मची झेरॉक्स. त्यावर 'रुग्णाची माहिती' असा चांगला मोठा रकाना होता. त्यात कुणीतरी एक आडवी रेघ मारून ठेवली होती.

त्या आडव्या रेघेनं माझा पुढचा आठवडा खाल्ला.

जोशी घरी आहेत का?

रेंज मिळाल्यावर मी पहिला फोन केला तो कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला. आम्ही मास कॉमला असाइनमेंट्स कॉपी-पेस्ट करत होतो तेव्हा ती प्लेट्सवर जंतू वाढवत होती. आता मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सोसायटीच्या वॉचमनला विचार, जोशी घरी आहेत का? तो म्हणेल, नाहीत. म्हणून काय बिल्डिंग रिकामी झाली? कुलकर्णी आहेत की नाहीत ते तू विचारलंच नाहीस!"

फंडा क्लिअर. तपासणी म्हणजे एक प्रश्न असतो, आणि निगेटिव्ह हे फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

टीबीच्या तपासणीचंच घ्या. आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की पहिला संशय टीबीचा घ्यायचा आणि तो घ्यायलाच हवा, कारण तो सर्वांत जास्त सापडतो. पूर्वी बेडक्याची काच रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही मशीन्स आहेत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, म्हणून छोट्या केंद्रातही ठेवता येतं, आणि २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. ही मशीन्स टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतात. तासा-दोन तासांत सांगतात की टीबी आहे की नाही, आणि असला तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का. एकदम फास्ट! पण ती फक्त जोशींनाच ओळखतात. दुसऱ्या कुठल्याही जंतूबद्दल त्यांना ना प्रश्न माहीत, ना उत्तर.

थुंकी वेगळी, बेडका वेगळा

यावर मी स्वतः तोंडावर आपटलेय, म्हणून सांगते. मागच्या वर्षी माझा खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी कल्चर करायला सांगितलं. मी ऑफिसला जाता जाता, टॅक्सी थांबवून, लॅबच्या डबीत दोनदा थुंकून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी फोन: "मॅडम, सॅम्पल रिजेक्ट झालंय." आयुष्यात इंटरव्ह्यूत रिजेक्ट झालेय, अरेंज्ड मॅरेजच्या कांदेपोह्यात रिजेक्ट झालेय, पण थुंकीत?

कारण साधं आहे. लॅबला हवा असतो बेडका, म्हणजे छातीतून खोकून वर आलेला घट्ट कफ. मी दिली होती तोंडातली लाळ. लॅबमध्ये नमुना आला की चांगल्या ठिकाणी आधी त्याची काच बघतात. तोंडाच्या अस्तराच्या चपट्या पेशी जास्त दिसल्या आणि पू-पेशी जेमतेम दिसल्या, तर हा माल फुप्फुसातला नाहीच. त्याचं कल्चर केलं तर तोंडातलेच जंतू वाढणार आणि रिपोर्ट येणार, नॉर्मल फ्लोरा! रिजेक्ट करणारी लॅब तुमच्यावर उपकारच करत असते. घोळ होतो तो रिजेक्ट न करता रिपोर्ट देणाऱ्या ठिकाणी.

दुसरी गोची अँटिबायोटिकची. मामांनी नमुना देण्याआधी दोन वेगवेगळे कोर्स संपवले होते. औषध पोटात गेलं की जंतू मरत नसला तरी दबतो, आणि प्लेटवर उगवत नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी तर टीबीलाही थोडी दाबते. पेशंटला चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान आठवडे न आठवडे पुढे जातं.

टीबीचे डुप्लिकेट

आता कुलकर्णी कोण कोण असू शकतात ते बघा.

पहिला, टीबीचाच चुलत भाऊ. शास्त्रीय भाषेत नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, लॅबवाले एनटीएम म्हणतात. पाण्यात, मातीत राहतो. काचेवर रंगवला की टीबीसारखाच लाल दिसतो. म्हणजे मायक्रोस्कोप म्हणतो 'आहे' आणि सीबीनॅट म्हणतं 'नाही'. अशा वेळी एखादं मशीन बिघडलंय असं धरून चालायचं नसतं. दोन्ही खरं बोलत असू शकतात. मग द्रव माध्यमात जंतू वाढवायचा, त्यात टीबीचं खास प्रथिन आहे का बघायचं, आणि पुढे त्याची जात ठरवायची. यात आठवडे जातात. पण ते केलं नाही तर पेशंट महिनोन् महिने टीबीची औषधं खातो आणि सुधारत नाही.

दुसरा, नोकार्डिया. हाही मातीतला. काचेवर मण्यांच्या माळेसारखे, फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. टीबीच्या रंगपद्धतीत नेहमीच्या कडक आम्लानं धुतला तर त्याचा रंग उडून जातो. सौम्य आम्लानं धुतला तरच टिकतो. म्हणजे कुणीतरी मुद्दाम तशी काच रंगवायला हवी. बरं, तो वाढतो सावकाश. बहुतेक जंतू एक-दोन दिवसांत प्लेटवर दिसतात. याला तीन ते सात दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. नेहमीच्या शिरस्त्याने ४८ तासांनी प्लेट फेकून दिली, की नोकार्डियाही कचऱ्यात गेला.

तिसऱ्याचं नाव ऐकूनच माझी जीभ अडखळली होती: मेलिऑइडोसिस. जंतूचं नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलेई. १९११मध्ये रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांना तो शवविच्छेदनात सापडला. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्तानातच होता. आपल्या देशातल्या पहिल्या रुग्णाची नोंद मात्र १९९१ची, आणि तीही मुंबईतली, एका लहान मुलाची! म्हणजे शोध लागल्यावर ८० वर्षांनी. मधल्या काळात हा जंतू काही रजेवर नव्हता. बघणारं कुणी नव्हतं.

हा राहतो चिखलात आणि साचलेल्या पाण्यात. पायाच्या जखमेतून, गढूळ पाण्यातून, जोरदार पावसात उडणाऱ्या थेंबांतून शरीरात शिरतो. केसेस पावसाळ्यात वाढतात. सगळ्यात जास्त धोका कुणाला? ज्यांना शुगर आहे त्यांना. फुप्फुसात गेला तर एक्स-रे हुबेहूब टीबीसारखा दिसू शकतो. कधी यकृतात, प्लीहेत, सांध्यात गळू करतो. कधी दोन दिवसांत रक्तात पसरून माणूस संपवतो.

थांबा, घाबरवायला हे लिहीत नाहीये. तलासरीत ही साथ आहे असंही म्हणत नाहीये. पण पुस्तकात दिलेलं या आजाराचं चित्र घ्या: धो-धो पाऊस, भातशेती, अनवाणी पाय, चाळिशी-पन्नाशीचा शेतकरी, शुगर. आणि मग मामांकडे बघा. निदान प्रश्न तरी विचारायला हवा की नको?

सापडूनही न सापडलेला

गंमत म्हणजे, मेलिऑइडोसिसचा जंतू वाढवायला कठीण नाही. कुठल्याही साध्या ब्लड अगारवर एक-दोन दिवसांत उगवतो. अडचण पुढे आहे. तो दिसतो स्यूडोमोनास नावाच्या नेहमीच्या जंतूसारखा, आणि तो तर कुठेही सापडतो, नळात, सिंकमध्ये. त्यामुळे घाईतल्या लॅबमध्ये 'आला असेल कुठूनतरी' म्हणून सोडून दिला जातो. महागडी ऑटोमॅटिक मशीन्ससुद्धा कधी कधी त्याला भलतंच नाव देतात.

पण ओळखायची एक स्वस्त युक्ती आहे. प्लेटवर अँटिबायोटिकच्या तीन चकत्या ठेवायच्या. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला जंतू दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅव्हच्या चकतीभोवती मरतो, म्हणजे घंटा वाजली पाहिजे! मग मोठ्या लॅबकडे खात्रीसाठी पाठवायचा. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या ॲशडाउन नावाच्या संशोधकानं तर १९७९मध्ये याच जंतूसाठी खास माध्यम बनवलं. त्यावर तो जांभळा आणि सुरकुतलेला उगवतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर मणिपाल, उडुपीकडचे डॉक्टर वर्षानुवर्षं हा आजार ओळखतायत. तिथला पाऊस, तिथली भातखाचरं आपल्यापेक्षा फार वेगळी नाहीत. तिथे लॅब आणि डॉक्टर दोघांच्याही डोक्यात हे नाव आधीपासून असतं, एवढाच फरक.

हा फरक किती मोठा असतो? २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की जगात वर्षाला या आजाराचे १,६५,००० रुग्ण होतात, ८९,००० दगावतात, आणि यातला ४४ टक्के भार दक्षिण आशियावर आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये लवकर निदान आणि चांगलं आयसीयू मिळतं, तिथे मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलंय. ईशान्य थायलंडमध्ये ते ४० टक्क्यांच्या घरात राहिलं. जंतू तोच!

उपचारही ठरलेले आहेत. आधी किमान १० ते १४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, मग निदान तीन महिने को-ट्रायमॉक्सझोलच्या गोळ्या. खोकल्याला नेहमी लिहून देतात ती पाच दिवसांची गोळी इथे उपयोगाची नाही. नाव कळलं तर औषध आहे. नाव कळलं नाही तर नशीब.

आणि हे सगळं शेतकऱ्यांचंच आहे, आपण एसीत सेफ, असं वाटत असेल तर एक किस्सा ऐका. जुलै १९७६, फिलाडेल्फियातलं एक पॉश हॉटेल. माजी सैनिकांचं अधिवेशन आटोपून लोक घरी गेले आणि न्यूमोनियानं आजारी पडायला लागले. २९ सदस्य गेले. अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या लॅबनं पाच महिने घासली, जंतू सापडेना. शेवटी वर्षाच्या अखेरीला जोसेफ मॅकडेड हे शास्त्रज्ञ आपल्याच जुन्या काचा पुन्हा काढून बसले. आधी 'किरकोळ' म्हणून सोडून दिलेल्या काड्यांसारख्या जंतूंकडे त्यांनी परत पाहिलं, आणि जानेवारी १९७७मध्ये लिजिओनेला जगाला माहीत झाला. तो मोठ्या बिल्डिंगच्या एसीच्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्यात वाढू शकतो, आणि नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही. त्याला खास माध्यम लागतं, नाहीतर लघवीची वेगळी तपासणी. म्हणजे तिथेही डॉक्टरांनी नाव घेऊन मागावी लागते.

दोन तास आणि १२४ किलोमीटर

आता डहाणू-तलासरीचा हिशेब मांडा. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथेच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी ठिकाणी फुकट मिळतात. हे सगळं खरं. पण केस हाताबाहेर जायला लागली की इथली माणसं हद्दीपलीकडे तोंड करतात. वलसाड, सिल्वासा. हद्द ओलांडणं मुंबई गाठण्यापेक्षा सोपं पडतं.

आणि बेडक्याला घड्याळ लावलेलं असतं. कल्चरसाठी तो दोन तासांत लॅबला पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून फार तर चोवीस तासांत. पाड्यावरून निघालेली डबी आधी रिक्षात, मग एसटीत, मग कलेक्शन सेंटरच्या टेबलावर, मग रात्रीच्या गाडीत. उन्हात तापलेल्या त्या डबीत तोंडातले जंतू भराभर वाढतात आणि खरा गुन्हेगार त्या गर्दीत हरवून जातो. लॅब कितीही भारी असली तरी तिच्या हातात हे असं सॅम्पल पडलं, तर ती करणार काय?

मैत्रिणीनं यावर सोपा तोडगा सांगितला. "डबी कशाला नेता? मामांनाच आणा ना!"

आणले. आधी मामा ऐकेनात. "मुंबईला कशाला? उगाच पैसे घालवता," इथपासून "म्हशीला कोण बघंल?" इथपर्यंत सगळी कारणं झाली. शेवटी मामींनी पिशवी भरून पुढ्यात ठेवली आणि विषय संपला. डहाणू लोकलनं विरार, तिथून आमचा फ्लॅट. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. पुढच्या दिवशी पहाटे मामांनी नुसत्या पाण्यानं चूळ भरली, गॅलरीत उभं राहून दोन-तीन खोल श्वास घेतले आणि छातीतून खोकून डबीत बेडका दिला. पिवळट, घट्ट, चांगला चमचाभर. एवढ्या अभिमानानं मी याआधी कुठल्याच डबीकडे पाहिलं नव्हतं! तासाभरात डबी लॅबमध्ये. सोबत रक्ताचंही कल्चर, कारण मेलिऑइडोसिसमध्ये एका नमुन्याच्या कल्चरवर विसंबता येत नाही. दहातल्या सहाच रुग्णांत ते सापडतं असं धरतात, म्हणून नमुने जास्त पाठवायचे.

आणि फॉर्म. 'रुग्णाची माहिती' या रकान्यात या वेळी आडवी रेघ नव्हती. तरुण रेसिडेंट डॉक्टरनं आमच्यासमोर लिहिलं: सहा आठवडे खोकला, ताप, वजन कमी. मधुमेह आठ वर्षं. भातशेती, नुकतीच लावणी. सीबीनॅट निगेटिव्ह. दोन अँटिबायोटिक कोर्स झाले. एनटीएम, नोकार्डिया, मेलिऑइडोसिस पाहावे, प्लेट लवकर फेकू नये. सगळ्या मिळून सहा ओळी. मैत्रिणीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ही माहिती लॅबमधल्या माणसासाठीही जीवाची असते. बर्खोल्डेरियाची प्लेट उघड्या टेबलावर हाताळली, नाकाशी नेऊन वास घेतला, तर तोच आजारी पडू शकतो. आधी कळलं तर तो ती सुरक्षा कॅबिनेटमध्ये उघडतो.

फ्रिजवर चिकटवून ठेवा

घरी, गावी, ऑफिसात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर:

• आधी टीबीची तपासणी. ती निगेटिव्ह आली आणि त्रास तसाच असेल, तर डॉक्टरांना विचारा, "यात काय काय शोधलं? काय शोधायचं राहिलं?"

• कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी द्या. पण माणूस सीरियस असेल तर औषधासाठी थांबू नका, आणि टीबीची चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

• सकाळचा पहिला बेडका, चूळ भरून, छातीतून. लाळ नको. डबी थेट लॅबला.

• फॉर्मवर काम, शुगर, आधीची औषधं, प्रवास, चिखल-पाणी, सगळं लिहून घ्या. डॉक्टर विसरले तर आठवण करा. ते रागावणार नाहीत.

• शुगर असेल तर पावसात शेतात गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, पाणी उकळून प्या.

आणि मामा?

हा अंक छपाईला जातोय तेव्हा मामांच्या प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये आहेत. सकाळी लॅबमध्ये फोन केला तर म्हणाले, "४८ तास झाले, पण फॉर्मवर लिहिलंय ना, म्हणून ठेवल्यात." टीबीचं कल्चरही लावलंय, त्याला आठवडे लागतील. कदाचित शेवटी टीबीच निघेल. चालेल! त्याचं औषध घरापर्यंत फुकट मिळतं. काहीही निघालं तरी त्याला नाव असेल.

मामा सध्या आमच्या हॉलमध्ये असतात. टीव्हीवर बातम्या बघतात, बाराव्या मजल्यावरून खाली बघत "एवढ्या वर माणसं झोपतात कशी?" म्हणतात आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारतात.

"आला का गं रिपोर्ट?"

"नाही मामा, अजून शोधतायत."

"शोधू दे," ते म्हणतात. "या टायमाला नीट शोधू दे."